जुन्या स्टिरिओला सराउंड स्पीकर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात चांगला स्टिरिओ आहे, त्यावर वर्षानुवर्षं गाणी ऐकून कान तयार झालेत आणि आता चित्रपटांसाठी मागचे स्पीकर हवेसे वाटू लागलेत, अशांसाठी हे पान आहे. खालची सगळी उत्तरं एका मतावर उभी आहेत, ते आधीच सांगतो. समोरची जोडी हीच तुमची मूळ यंत्रणा. तिला धक्का न लावता जे जोडता येईल तेच जोडावं. सराउंडचं काम साथीचं आहे, आणि साथ चांगली असली तरी मैफल मुख्य कलाकाराचीच असते.

स्टिरिओ ॲम्प्लिफायरलाच मागे आणखी दोन स्पीकर लावले तर सराउंड होईल का?

स्पीकर वाजतील, सराउंड होणार नाही. ॲम्पच्या पाठीवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा टर्मिनलच्या दोन जोड्या दिसल्या की हा मोह होतोच. पण ‘बी’वर येतं ते समोरचंच गाणं, जसंच्या तसं. दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभी वाटणारी गायिका मग डोक्याच्या आसपास कुठेतरी तरंगायला लागते आणि कष्टाने बसवलेलं स्टिरिओचं चित्र विस्कटतं. शिवाय बहुतेक ॲम्पमध्ये या जोड्या समांतर असतात. म्हणजे ८ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकदम वाजवले की प्रत्येक चॅनेलवर ४ ओहमचा, म्हणजे दुप्पट जड भार येतो, आणि तो सगळ्या ॲम्पना झेपत नाही.

सराउंडमध्ये मागच्या स्पीकरना स्वतःचा वेगळा आवाज हवा. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला-मागे दोन, आणि फक्त खालच्या घुमाऱ्यासाठी राखलेला तो ‘.१’. हे सगळं डॉल्बी किंवा डीटीएस या ध्वनी-पद्धतींच्या सांकेतिक रूपात येतं. ते सोडवून वेगवेगळ्या चॅनेलना वाटून देण्यासाठी एव्ही रिसीव्हर लागतो.

मग रिसीव्हर घेऊन जुना ॲम्प काढून टाकू का?

नको. दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात चांगली रचना आहे. रिसीव्हर घेताना एकच गोष्ट आग्रहाने पाहा: पाठीमागे समोरच्या डाव्या-उजव्या चॅनेलचे ‘प्री-आउट’, म्हणजे ताकद न चढवलेला सिग्नल दुसऱ्या ॲम्पला देणारी सॉकेट, आहेत का? स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक वेळा फक्त सबवूफरचा (खालच्या घुमाऱ्यासाठीच्या स्पीकरचा) प्री-आउट असतो. तो इथे कामाचा नाही.

प्री-आउटमधून निघालेली केबल स्टिरिओ ॲम्पच्या एखाद्या लाइन इनपुटला जाते. चित्रपट लावला की समोरचे दोन स्पीकर तुमचा जुना ॲम्पच चालवतो, आणि रिसीव्हर फक्त मागचे (आणि असला तर मधला) सांभाळतो. सीडी प्लेयर, स्ट्रीमर, टर्नटेबल मात्र आधीसारखे थेट स्टिरिओ ॲम्पलाच राहू द्या. गाणी ऐकताना रिसीव्हर बंद असला तरी चालतं, आणि तुमच्या आवाजाच्या वाटेत नवीन काहीही येत नाही. फोनो इनपुटला मात्र प्री-आउट कधीही जोडू नका. तो टर्नटेबलच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतो.

ॲम्पवर ‘एचटी बायपास’ (एचटी म्हणजे होम थिएटर) लिहिलेलं इनपुट आहे. ते काय करतं?

त्या इनपुटवर ॲम्पचा व्हॉल्यूम नॉब बाजूला होतो आणि आवाज पूर्णपणे रिसीव्हरच्या ताब्यात जातो. सोय उत्तम आहे, पण एक धोका लक्षात ठेवा. तिथे चुकून सीडी प्लेयर जोडला, तर त्याचा सिग्नल पूर्ण जोराने स्पीकरवर जाईल. ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) उडायला तेवढं पुरतं. त्या इनपुटला रिसीव्हरशिवाय दुसरं काहीही नको.

बायपास नसेल तरी अडत नाही. साधं ‘ऑक्स’ इनपुट घ्या, नॉब एका ठरावीक जागी आणा (बाराच्या काट्यावर म्हणा) आणि तिथे कागदी टेपची बारीक पट्टी चिकटवा. रिसीव्हरच्या चाचणीचा आवाज लावून सगळे चॅनेल याच जागेला धरून जुळवायचे. पुढे चित्रपट पाहताना नॉब आधी पट्टीपाशी न्यायचा, मग रिमोट हातात घ्यायचा. पट्टी सोडून नॉब इकडेतिकडे गेला की समोर आणि मागे यांचा तोल गेलाच म्हणून समजा.

रिसीव्हरला प्री-आउटच नाहीत. समोरचे स्पीकर दोन्ही यंत्रांना जोडून ठेवले तर?

कधीही नाही. एकाच स्पीकरवर दोन ॲम्पचे आउटपुट एकत्र आले, तर एकातली वीज दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरते. दुसरा बंद असला तरी तो जळू शकतो. एका वेळी एकच ॲम्प स्पीकरला जोडणारा आणि दुसऱ्याची लाल-काळी दोन्ही टोकं पूर्ण तोडणारा सिलेक्टर स्विच मिळतो, तो वापरता येईल. पण शक्य असेल तर प्री-आउट असलेला रिसीव्हरच शोधा.

सराउंड स्पीकर समोरच्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले हवेत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यावरची भीती गरजेपेक्षा मोठी आहे.

जुळायला हवी ती आवाजाची जात. एकच टाळ्यांचा कडकडाट एका स्पीकरमधून उबदार आणि दुसऱ्यातून पत्र्यावर पडलेल्या खड्यांसारखा येत असेल, तर समोरून मागे जाणारा आवाज वाटेतच रंग बदलतो आणि फसवणूक उघडी पडते. ही जात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पट्टीत ठरते. म्हणून पहिल्यांदा ट्वीटर पाहा. समोर रेशमी घुमट (ट्वीटरचा फुगीर पडदा) असेल तर मागेही मऊ घुमट घ्या. धातूचा असेल तर धातूचा. समोर हॉर्न (भोंग्यासारख्या तोंडाचा ट्वीटर) असेल तर मात्र मागेही त्याच घराण्याचं काही मिळतं का हे जरूर बघा, कारण हॉर्नचा थेटपणा साध्या घुमटाच्या ट्वीटरशी सहज मिसळत नाही. वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग) पाच इंची की सात इंची, याला त्यामानाने फारसं महत्त्व नाही.

आता दुसरी बाजू. हुबेहूब तेच स्पीकर मागे ठेवले तरी ते समोरच्यासारखे ऐकू येत नाहीत. कानाची पाळी समोरून आलेला आवाज एका प्रकारे गाळते, बाजूने आलेला दुसऱ्या आणि मागून आलेला तिसऱ्याच. वरच्या फ्रिक्वेन्सीमधला हा फरक चांगला मोठा असतो, आणि त्यावरूनच तर मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. मग शंभर टक्के जुळणीचा हट्ट कशासाठी? चित्रपटांत मागून येतो तो बहुतेक पाऊस, वारा, गर्दी, गाडीची घरघर आणि संगीताचा पसारा. तिथे जवळची जुळणी पुरते.

तुमचं मॉडेल बंद झालं असेल तर त्याच कंपनीची त्याच काळातली लहान जोडी जुन्या बाजारात बघा. तीही नसेल तर साधा, रंग न चढवणारा, दोन ड्रायव्हरचा बुकशेल्फ घ्या. चकचकीत, तिखट वरची पट्टी असलेला स्पीकर दुकानात छाप पाडतो, पण मागे बसवला की सतत लक्ष वेधून घेतो. शंका असेल तेव्हा थोडा मवाळ स्पीकर निवडा.

जुळतंय की नाही हे कसं तपासायचं?

रिसीव्हरमधला चाचणीचा खरखराट, म्हणजे पिंक नॉइज, एकेका चॅनेलवर फिरवा आणि डोळे मिटून ऐका. पातळी आधी समान करून घ्या, कारण मोठा आवाज नेहमीच वेगळ्या जातीचा वाटतो. समोरून ‘शऽऽ’ आणि मागून ‘सऽऽ’ येत असेल तर मागचा स्पीकर वरच्या पट्टीत उजळ आहे. मागून ‘हूऽऽ’ असा पोकळ आवाज येत असेल तर तो कोपऱ्यात कोंडला गेलाय किंवा भिंतीला फार चिकटलाय. मग तोंड तुमच्याकडे वळवून किंवा थोडं बाहेर फिरवून पुन्हा ऐका. उजळ ट्वीटर कानावरून बाजूला वळवला की थोडा शांत होतो. स्पीकर बदलण्याआधी हे करून पाहा.

मधला स्पीकर घ्यायलाच हवा का?

नाही. आणि हे मी ठामपणे सांगतो, कारण चांगल्या स्टिरिओवर सगळ्यात मोठा अत्याचार याच जागी होतो.

दोन चांगले स्पीकर नीट बसवलेले असले की मधोमध एक न दिसणारा स्पीकर तयार होतो. गाण्यातला गळा तुम्ही रोज तिथेच तर ऐकता. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटरसमोर ‘नन’ निवडलं की मधल्या चॅनेलचे संवाद ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्या दोघांना वाटले जातात आणि बरोबर मध्यभागी उमटतात. एकटे किंवा दोघं मधोमध बसून पाहत असाल तर ही ४.० किंवा ४.१ मांडणी अप्रतिम चालते. मोठ्या जोडीच्या मध्ये टीव्हीखाली सरकवलेला भलत्याच जातीचा लहानसा सेंटर आणून त्यातून संवाद ऐकण्यापेक्षा ती कितीतरी सरस आहे.

सेंटर खरा लागतो तो बाजूला बसणाऱ्यांसाठी. जो स्पीकर जवळ असतो त्याचा आवाज आधी पोचतो आणि कान त्यालाच मूळ मानतो, त्यामुळे सोफ्याच्या टोकावर बसलेल्याला सगळे संवाद त्याच बाजूने येतात. सहा-सात जण ऐसपैस बसून पाहत असतील तर सेंटर घ्या, पण इथे जुळणीत तडजोड नको. मागच्या स्पीकरना जी सूट दिली ती इथे नाही. त्याच मालिकेतला सेंटरच घ्यावा. पडद्याखाली जागा असेल तर समोरच्यासारखाच तिसरा स्पीकर उभा ठेवणं सगळ्यात उत्तम. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर शेजारी-शेजारी असतात. बाजूला बसलं की दोघांपासूनचं अंतर वेगळं होतं आणि मधल्या पट्टीतला काही भाग एकमेकांना खोडतो, म्हणजे ज्यांच्यासाठी सेंटर आणला त्यांनाच संवाद पातळ ऐकू येतात. वूफरच्या मध्ये ट्वीटरखाली वेगळा मिड-रेंज ड्रायव्हर असलेल्या सेंटरमध्ये हा दोष बराच कमी असतो.

संवेदनशीलता, ओहम, वॅट हे सगळं जुळवावं लागतं का?

संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो, ती जुळवायची गरज नाही. समोरचे ९१ डेसिबलचे आणि मागचे ८६ चे असले तरी रिसीव्हरमध्ये प्रत्येक चॅनेलची पातळी वेगळी लावता येते. पाच डेसिबलचा फरक तिथेच मिटतो. आकडे वाचताना मात्र मोजण्याची पद्धत पाहा. २.८३ व्होल्टवर मोजलेला आकडा ८ ओहमच्या स्पीकरसाठी १ वॅटचा असतो, ४ ओहमच्या स्पीकरसाठी २ वॅटचा. म्हणजे ४ ओहमवाला कागदावर ३ डेसिबलने जास्त दिसतो.

ओहमही समोरच्यांशी जुळायला नकोत. रिसीव्हरला चालतील असे हवेत, एवढंच. मॅन्युअलमध्ये किमान ६ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर टाळा. वॅटचं म्हणाल तर ८८ डेसिबलचा स्पीकर दोन मीटरवर असेल, तर मोकळ्या जागेतल्या हिशोबाने १ वॅटला सुमारे ८२ आणि १६ वॅटला सुमारे ९४ डेसिबल मिळतात. घरातल्या मागच्या चॅनेलला एवढं भरपूर झालं.

मागचे स्पीकर किती लहान चालतील?

चार-पाच इंची वूफरचा बुकशेल्फ निवांत चालतो. सेटिंगमध्ये तो ‘स्मॉल’ ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लावा. म्हणजे त्याखालचा भार सबवूफरकडे किंवा समोरच्या मोठ्या स्पीकरकडे जातो. ‘स्मॉल’ म्हणजे स्पीकर हलका असा अर्थ नाही, खालचा आवाज दुसरीकडे वळवा एवढंच ते सांगतं. तीन इंची सॅटेलाइट मात्र टाळा. त्यांना १५० हर्ट्झच्याही वर हात टेकावे लागतात. क्रॉसओव्हर तितका वर नेला की खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं.

सबवूफर नसेल आणि समोरचे स्पीकर मोठे असतील तर समोर ‘लार्ज’ आणि सबवूफर ‘नो’ ठेवा. बहुतेक रिसीव्हर मग ‘.१’चा आवाजही समोर पाठवतात.

नेमके कुठे ठेवायचे?

समोर सरळ पाहणं म्हणजे शून्य अंश धरलं, तर समोरची जोडी दोन्हीकडे ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पाच चॅनेलची शिफारस हीच आहे. म्हणजे सराउंड पाठीमागे नव्हेत, बाजूला आणि किंचित मागे. खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत वर टांगून खाली वाकवलेले स्पीकर सगळीकडे दिसतात, पण तिथून आवाज एकसंध होत नाही, पाठीमागे वेगळाच वाजतो.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि बहुतेक घरांत तो असतोच, तर स्पीकर ९० ते १०० अंशांवर बाजूच्या भिंतींवर लावा. बसलेल्याच्या कानापेक्षा फूट-दीड फूट वर. कानाच्या रेषेत ठेवलात तर शेजारी बसलेल्याचं डोकं आड येतं आणि टोकाला बसलेल्याच्या कानात स्पीकर शिरतो. जागा फारच जवळ असेल तर दोन्ही दिशांना आवाज फेकणारा बायपोल स्पीकर चांगला. एरवी साधा थेट स्पीकर पुरतो. एके काळी डायपोलचा (दोन दिशांना एकमेकांच्या उलट आवाज फेकणाऱ्या स्पीकरचा) आग्रह होता, कारण डॉल्बी प्रो लॉजिक या जुन्या पद्धतीमध्ये मागे एकच मोनो चॅनेल होता आणि तोही ७ किलोहर्ट्झपर्यंत छाटलेला. तो एका जागी चिकटू नये म्हणून पसरवावा लागे. आता दोन्ही बाजूंना स्वतंत्र, पूर्ण आवाज मिळतो.

पातळी आणि अंतर कसं लावू?

अंतर मोजपट्टीने मोजा आणि रिसीव्हरमध्ये टाका. ध्वनी १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. समोरचे स्पीकर ३ मीटरवर आणि मागचे दीड मीटरवर असतील तर मागचा आवाज सव्वाचार-साडेचार मिलिसेकंद आधी येईल आणि कान मागे वळेल. अंतर टाकलं की रिसीव्हर मागच्याला तेवढं थांबवतो.

पातळीसाठी ध्वनिमापक ‘सी’ आणि ‘स्लो’वर ठेवून, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा. प्रत्येक चॅनेल ७५ डेसिबलला आणा. फोनमधलं ॲपही चालतं, कारण इथे खरा आकडा महत्त्वाचा नाही, सगळे चॅनेल सारखे येणं महत्त्वाचं. मग ओळखीचा चित्रपट लावा. मागे स्पीकर आहेत हे सारखं जाणवत असेल तर १ डेसिबल उतरवा. नव्याने लावलेल्या बहुतेक यंत्रणांत मागचा आवाज जास्तच असतो. पैसे खर्च केलेत तर ऐकू यायला हवं, असं वाटतं ना!

मायक्रोफोन लावून आपोआप होणारी जुळणी वापरावी का?

वापरा, फक्त आधी स्टिरिओ ॲम्पचा नॉब टेपच्या पट्टीवर आणा. नंतर अंतरं आणि ‘लार्ज-स्मॉल’ डोळ्यांखालून घाला. सबवूफरचं अंतर मोजपट्टीपेक्षा जास्त दाखवलं तर ते बदलू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो. समोरच्या जोडीचा ओळखीचा आवाज बदललेला आवडला नाही, तर ऑडिसीसारख्या काही पद्धतींत डाव्या-उजव्याला वगळण्याची सोय आहे. थेट स्टिरिओ ॲम्पवर वाजणाऱ्या गाण्यांना यातलं काहीच लागू होत नाही.

रिसीव्हरशिवाय काहीच मार्ग नाही?

एक जुना आणि सुंदर मार्ग आहे, अमेरिकन ऑडिओ अभियंते डेव्हिड हॅफलर यांच्या नावाने ओळखला जाणारा. ॲम्पच्या डाव्या लाल टर्मिनलवरून मागच्या डाव्या स्पीकरच्या लाल टोकाला वायर न्या. त्याचं काळं टोक मागच्या उजव्या स्पीकरच्या काळ्या टोकाला जोडा आणि त्याचं लाल टोक ॲम्पच्या उजव्या लाल टर्मिनलला. बस्स. मागे फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. मधोमध असलेला गळा मागून जवळपास नाहीसा होतो आणि सभागृहाची गुंज, टाळ्या, वाद्यांचा पसारा तेवढा उरतो. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर हे ऐकून पाहाच.

अट एकच, पण कडक आहे. ॲम्पची दोन्ही काळी टर्मिनल आतून एकत्र जोडलेली असली पाहिजेत. ब्रिज पद्धतीच्या आणि अनेक क्लास-डी ॲम्पना हे चालत नाही. मॅन्युअलमध्ये खात्री झाल्याशिवाय हात लावू नका. इथे पातळी किंवा विलंब लावता येत नाही, म्हणून मागचे स्पीकर समोरच्यांपेक्षा लांब ठेवा.

वायर किती जाड हवी? वायरलेस चालेल का?

तांब्याची १.५ चौरस मिलिमीटर वायर १० मीटर लांब टाकली तर जाऊन-येऊन सुमारे ०.२३ ओहम रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरला हे अगदी ठीक. ४ ओहमचे असतील तर २.५ चौरस मिलिमीटर घ्या. लाल-काळं सगळीकडे सारखं जोडलंय ना, ते दोनदा बघा.

ब्लूटूथ नको, त्यातला उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. सराउंडसाठीच बनवलेले वायरलेस संच चालतात, पण स्पीकरपाशी विजेचा प्लग लागतोच.

जोडल्यापासून समोरून घूं आवाज येतोय.

ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारी नको ती वीज. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावून पाहा. नाही गेला तर टीव्हीची अँटेना किंवा केबलची तार काढून ऐका, बऱ्याचदा मूळ तिथेच असतं आणि तिथे आयसोलेटर लावून काम होतं. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो जिवाशी खेळ आहे.

सगळं जोडलं, चाचणीचा आवाज येतो, पण चित्रपटात मागचे स्पीकर गप्प.

चाचणी वाजते म्हणजे वायर आणि स्पीकर ठीक आहेत, अडचण स्रोताकडे आहे. प्लेयर किंवा टीव्हीचं ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. काही टीव्ही एचडीएमआयने आलेला ५.१ आवाज बाहेर देताना दोन चॅनेलचा करून टाकतात. तसं असेल तर प्लेयर टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला जोडा. मग रिसीव्हरच्या पडद्यावर ‘डॉल्बी’ किंवा ‘डीटीएस’ उमटतंय का ते पाहा. तिथे ‘स्टिरिओ’ दिसत असेल तर चित्रपटाच्या मेनूमध्ये भाषेबरोबर ५.१चा पर्याय निवडायचा राहिलाय.